गिअरचा दांडा

मार्चात बर्फाचा चिखल झाला तेव्हा ओढून आणला
लिलावातला गाझ-सहासष्ट.
"भंगार आहे," बाबा म्हणाले,
आणि रात्रभर कूस बदलत राहिले.

कार्ब्युरेटर उकळला बटाट्यांच्या पातेल्यात;
आठवडाभर सूपला पेट्रोलचा वास.
हिरव्या रंगाखाली हिरवा, त्याखाली पुन्हा हिरवाच.
खरवडून खरवडून माझी बोटं सोलली.
मागे, शिपाई बसायचे तिथे,
मधमाश्यांच्या चाळीस पेट्यांसाठी फळ्या ठोकल्या.

दांडा मात्र विचित्र जागी,
चालवणाऱ्याच्या कोपरामागे.
"असा कोण बसवतो?"
बाबा वायसर शोधत राहिले.
एकोणिसाव्या वर्षी नेलं होतं त्यांना,
असाच ट्रक चालवायला, दोन वर्षं.
कुठे, ते आईलाही कधी कळलं नाही.

मी पत्रा कापला, सळई वाकवली,
वेल्डिंगच्या ठिणग्यांत दांडा पुढे घेतला.

जूनमध्ये निघालो वोरूपलीकडच्या पिवळ्या मोहरीकडे.
चालवत मी.
बाबा शेजारी, डोळे मिटून.
चढ लागला.
त्यांचा डावा पाय हलला,
उजवा हात कोपरामागे गेला, जिथे काहीच नव्हतं,
आणि तिसऱ्याचा दुसरा
त्यांनी माझ्याआधी टाकला.