कॅनडात नातेवाईक : नाही

नऊ वर्षांपूर्वीच्या एका फॉर्मवर
मी नाही.
माझ्या पाठच्या बहिणीच्या अक्षरात नाही,
गोल, शाळकरी, ओळीवर नीट बसवलेलं
‘नाही’.

तेव्हा मला सातवा महिना होता.
विनिपेगमध्ये उणे एकतीस,
नवरा अल्बर्टात तेलाच्या कामावर,
आणि मला हवं होतं कुणीतरी
जे न विचारता भात टाकेल, पाय चेपेल.
म्हणून जोव्हेलिननं लिहिलं :
येण्याचं कारण, नायगारा बघणे.
नायगारा इथून दोन दिवसांच्या वाटेवर.
मीसुद्धा अजून पाहिलेला नाही.
व्हिसा नाकारलाच.
पदरी पडलं ते नुसतं खोटं,
आणि पवित्रही झालं नाही.

आमिहान जन्मली. मावशीला ती
काचेतूनच बघते अजून :
आधी कपाळ, मग छत,
मग गिमारासचा कुरकुरणारा पंखा.

मग तारास.
शेजारचा, महापालिकेचा बर्फ-नांगर चालवणारा.
माझ्या सिंकखाली पाना घेऊन आडवा पडला होता
आणि टेबलावरच्या फोनमधून जोव्हेलिन म्हणाली,
‘ताई, ते कुणाचे पाय?’
त्या पायांशी तिचं लग्न झालं
आंब्याच्या मोसमात, चर्चमागे मांडव घालून.

आता बावीस महिने.
लग्न खरं असल्याचा पुरावा द्या, म्हणाले.
आम्ही एकशे चौदा फोटो पाठवले.
फोटो खरे होते, हीच पंचाईत.
प्रत्येकात मी.
तिच्या डोक्यावरची जाळी सावरताना मी,
तारासबरोबर वाकडंतिकडं नाचताना मी,
केकच्या मागे, डोळे मिटलेली मी.
पाठराखीण म्हणून गेले होते,
आणि कुणा अधिकाऱ्यानं, बहुधा जेवणानंतरच्या सुस्तीत,
जुनी फाईल काढून बोट ठेवलं :
ही कोण?

तीस दिवसांत खुलासा करा.

वकीलबाई म्हणतात, बहिणीनं प्रतिज्ञापत्र द्यावं.
म्हणजे मी लिहून द्यायचं की मी आहे.
नाव अर्लिंडा. आई तीच, बाप तोच,
एका उशीवर सोळा वर्षं.
काठी मारल्यानं पाणी दुभंगत नाही,
हे कुठल्या रकान्यात घालायचं
ते मी विचारलं नाही.

‘एजंटनं भरलं असणार,’ तारास म्हणतो
दर रविवारी, माझ्याकडे जेवताना.
‘ती असं लिहिणार नाही.’
वकीलबाईंनाही तेच आवडतं. एजंट सोयीचा असतो,
त्याचं दुकान कधीच बंद झालेलं असतं.
जोव्हेलिन फोनवर गप्प.
तिनं आजवर कुणालाच सांगितलेलं नाही
की त्या रात्रीचा फोन माझा होता.
मीच म्हटलं होतं, बहीण आहे हे कळलं
तर त्यांना वाटेल तू परत जाणार नाहीस.
लिही, नाही.
‘कसं लिहू?’
अगं, दोन अक्षरं तर आहेत.

नऊ दिवस उरलेत.
मला इथलं नागरिकत्व आहे, मुलगी आहे,
इस्पितळाच्या धुलाईघरात नोकरी आहे.
भीतीचीही घडी घालता येते,
कोपऱ्याला कोपरा लावून,
एवढं चादरींनी शिकवलंय.

पहाटेचे तीन. रस्त्यावरून पिवळा दिवा फिरत येतो.
नांगर जाताना प्रत्येक फाटकापुढे
बर्फाचा बांध घालून जातो, त्याला इलाज नसतो.
माझ्या फाटकाशी तारास
पातं उचलतो, दहा-बारा फूट,
मग पुन्हा टेकवतो.
त्याला वाटतं मी झोपलेली असते.

मी दिवा लावते.
प्रतिज्ञापत्राच्या तिसऱ्या ओळीत
‘एजंट’ छापलंय.
खोडायला पेन शोधते.
आमिहानच्या दप्तरात सापडतं ते
जांभळं, चकाकीचं.
चालेल.