गंज

खेळ बाजारात आला त्या दिवशी पर्वरीच्या ऑफिसात केक कापला.
एकशे दहा जीबी. कुठेही अडकत नाही.
चिखलात पाय टाकलात तर बुटाच्या नाडीवर
शिंतोडे उडतात, आणि वाळतात ते सावकाश,
कडेकडून आधी.
ते वाळणं लॉरेन्सचं. सात महिने गेले त्याचे त्यात.

बाकी तुम्हाला माहीतच आहे.
बर्फ. बंकर. कानात खरखरणारा सार्जंट.
लाल पिंप दिसलं की समजायचं, ह्याच्या आड कुणीतरी येणार,
आला की गोळी पिंपाला.
हेलिकॉप्टर येतं ते पडायलाच.
दुसऱ्या मिशनमध्ये मित्राने बायकोचा फोटो दाखवला,
तिथेच मी त्याला मेलेला धरला.
चौथ्यात मेला, माझ्या मांडीवर.
डोळ्यातलं पाणी इतकं सुरेख
की त्यात माझ्या बंदुकीची नळी दिसत होती.

गोष्ट कोण लिहितं, मी एकदा विचारलं होतं.
वरून येते, म्हणाले.
आमच्याकडे वरून पाऊस येतो, आणि खाणबंदी.

माझ्या वाट्याला गंज आला.
तिसरं मिशन, लोखंडी दार, उंची अडीच मीटर.
मी आमोण्याला गेले, नदीकाठी,
जिथे बाबांची बार्ज कित्येक वर्षं चिखलात रुतून आहे.
'सातेरी'. बाबा तिच्यावर तांडेल होते.
चारशे फोटो काढले तिच्या कुशीचे,
ढगाळ दिवस बघून, म्हणजे सावली मध्ये येत नाही.
खपल्या, पोपडे, खाली शिंपल्यांची पांढरी रेघ,
एके ठिकाणी तर सुक्या आमसुलाचा रंग.
वरून निरोप आला: उत्तम. फक्त अक्षरं काढा.
काढली.
'री'ची वेलांटी तेवढी राहिली गंजाखाली.
राहिली म्हणजे, ठेवली.

माशेलला घरी आले, बाबांना दाखवायला तिसरं मिशन लावलं.
दारापासून पुढच्या वळणापर्यंत चार सेकंद.
सार्जंट ओरडला: माझ्या मागे!
मी थांबले.
तो पुन्हा ओरडला, तेच शब्द, तोच श्वास.
गोळ्या येत होत्या, नेम धरून चुकत होत्या,
कारण मरायची जागा पुढे आहे, इथे नाही.

बाबा चष्मा कपाळावर सारून पडद्याला भिडले.
"ही आमची सातेरी न्हय?"
बोट ठेवलं. वेलांटीवर नव्हे, वीतभर खाली,
एक पोचा होता तिथे,
चारशे फोटोंत मला न दिसलेला.
"हो मुरगांवांत बसलो. रातीचीं दोन. सुकाणार बॉस्त्यांव आसलो."
मग बॉस्त्यांवला त्याच संध्याकाळी झालेल्या जुळ्या मुली,
त्याने धक्क्याला धडक देताना म्हटलेली प्रार्थना,
मालकाने सातही जणांचा कापलेला पगार,
आणि तो फेडायला बॉस्त्यांव चवथीपर्यंत घरोघर टाकत राहिलेला
शेवटो, कुणी खात नसतानाही.
माझा चहा निवला.

"दार उगड मगो."
उघडत नाही बाबा, चित्र आहे.
"म्हाका खबर आसा भितर कितें आसा," म्हणाले,
आणि सांगितलंच: खाट, कंदील, कुणाचा तरी सुकत घातलेला बनियन.

सार्जंट बाराव्यांदा की तेराव्यांदा.
"आनी हो कोण गे, तेंच तेंच उलयता?"