सव्वीस फूट नऊ इंच

कंत्राटदार म्हणाला, साडेचार लाख.
कॉलनीच्या खात्यात एकतीस हजार,
त्यातले नऊ गणपतीचे.
पोरं कोर्टावर क्रिकेट खेळतात, टेनिसच्या चेंडूने,
तेवढाच आता टेनिसशी संबंध.
म्हणून सियागंजातून मीच आणलं सगळं :
रंगाचे अकरा डबे, आठ हिरवे, तीन विटकरी,
चाळलेली बारीक वाळू, पत्र्याची पट्टी,
आणि लांब दांड्याचा रबरी वायपर.
"आंटी, फरशीसाठी ना?" दुकानदाराने विचारलं.
हो म्हटलं. फरशीच की.

फेब्रुवारी. पहाटे पाचला पाइप सोडला,
कोर्टभर पाणी केलं आणि कट्ट्यावर बसून राहिले.
ऊन आलं तसं पाणी गेलं,
आणि जिथून जायला हवं होतं तिथून नाही गेलं.
तिथे तिथे रुपयाचं नाणं ठेवत फिरले :
बुडालं तर खळगा, नाही बुडालं तर सोडून द्यायचं.
अठरा रुपये बुडाले.
खडूने कडा आखल्या. वीज मंडळात
एकतीस वर्षं नकाशे काढले, हात अजून हलत नाही.
सगळ्यात खोल डबकं बेसलाइनपाशी, मध्यखुणेच्या उजवीकडे,
जिथून पागनीस सर्व्हिस करायचे
उजव्या बुटाचा चवडा फरफटत.

भेगा तर असणारच.
खाली माळव्याची काळी माती, ती श्वास घेते.
वर सिमेंट, ते घेत नाही.
छिन्नीने तोंड रुंद करायचं,
सायकलच्या पंपाने धूळ उडवायची,
भरायचं, घासायचं.
पुढच्या वर्षी पुन्हा फाटेल हे माहीत असून
नीट भरायचं.

मग टेप.
जाळीच्या मधोमधून साडेतेरा फूट इकडे,
साडेतेरा तिकडे.
इकडे बरोबर आलं.
तिकडे टेप रेघेच्या पुढे गेला, तीन इंच.
पुन्हा मोजलं. कर्ण घेतला :
सत्तेचाळीस फूट सव्वापाच इंच यायला हवा,
पावणेदोन इंच कमी.
टेप बदलून पाहिला. शेजारच्यांचा आणला.
तोही तेच म्हणाला.

गेंदालाल आठवला.
नाव गेंदालाल, आणि जन्मभर चेंडू उचलले,
त्यावर तोच सगळ्यांच्या आधी हसायचा.
अठ्ठ्याऐंशी साली या रेघा आम्ही दोघांनी आखल्या,
त्याच्या गाठी मारलेल्या सुतळीने.
नुकतंच कोर्ट धुतलं होतं.
"दीदी, डोरी गीली है," तो म्हणाला होता.
मी म्हटलं, खेच.

भिजलेली सुतळी आखडते.
दुसरं टोक माझ्या हातात होतं.

आणि ब्याण्णवची फायनल. कॉलनीचीच,
कप पितळेचा, मुलामा गेलेला.
पागनीसांचा बॅकहँड त्या रेघेच्या दोन बोटं पलीकडे पडला
आणि मी हात वर केला.
आत होता, ते म्हणाले.
रेघ दिसत नाही का, मी म्हणाले.
दिसते, ते म्हणाले, पण चेंडू आत होता.

इतकी वर्षं ते वाक्य मी
चिडलेल्या माणसाचं समजत आले.
दुधाच्या बूथवर समोरासमोर आलो
की दोघंही चष्मा पुसायला घ्यायचो.

संध्याकाळी फोन केला. त्यांनीच उचलला.
म्हटलं, सिंगल्सची रुंदी किती?
सत्तावीस फूट. का?
म्हटलं, आपली सव्वीस फूट नऊ इंच भरली.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.
मग दुसरी.

रंगाचा पहिला हात कधी, त्यांनी विचारलं.
उद्या, ऊन चढायच्या आत.
पाणी किती घालताय?
सांगितलं.
जास्त होतंय, म्हणाले.