साडेसहा हॉर्सपॉवर

कोल्बी ते इंजिन बर्फावरच्या घसरगाडीत घालून घेऊन आला,
ऑक्टोबरात, कोरड्या खडीवरून खरखरत.
जुन्या प्रेशर-वॉशरचं. रंग लाल,
म्हणजे कधीकाळी.

"मिसेस टॉलेफसन, याचा गव्हर्नर काढायचाय."
मी म्हटलं, मग डी मॉइनला जा, मतदान कर.
हसला नाही. तेरा वर्षांचा आहे
आणि गो-कार्टची चौकट वेल्ड करून झालीय त्याची.

तेल आधी काढायचं असतं, हे तो विसरला होता.
मग झाकणाचे बोल्ट, एकेक, टिनच्या डब्यात.
आत, तळाशी, काळ्या तेलात निथळत
प्लास्टिकचं एक दातेरी चाक, बिस्किटाएवढं,
पाठीवर दोन लोखंडी चपट्या.

"एवढाच?"

एवढाच.
इंजिनाबरोबर हाही फिरतो.
वेग वाढला की चपट्या पंख उघडतात,
टोपीला रेटतात, टोपी दांडीला,
बाहेर दांडी स्प्रिंगशी भांडते
आणि थ्रॉटल मिटत येतं.
छत्तीसशे फेरे मिनिटाला, बस.
वळणावर लपलेला पोलीस नाही हा, कोल्बी.
याचा वेगच याला आवरतो.

आणि लोक एक विसरतात.
चढ लागला, इंजिन गुदमरलं,
की चपट्या मिटतात आणि हाच, न विचारता,
थ्रॉटल उघडून देतो.
आपल्याला वाटतं, आपण चढलो.

तो ऐकत होता, पण बघत होता छताकडे,
पत्र्यातल्या डांबराच्या ठिगळाकडे.
सगळीच मुलं बघतात.

ते अर्लिनचं. माझा भाऊ.
धान्य वर चढवायच्या यंत्राचं इंजिन होतं,
गव्हर्नर काढून त्याने इथेच, या टेबलावर, चालू केलं.
आवाज चढत गेला, चढत गेला,
खिडकीतले खिळे बरणीत नाचायला लागले,
आणि अर्लिन हसत होता, तोंड उघडं टाकून,
तसा हसताना मी त्याला नंतर पाहिला नाही,
स्वतःच्या लग्नातसुद्धा.
मग हातातला पाना पडला. तो उचलायला वाकला.
फ्लायव्हीलचा तुकडा
त्याचं डोकं जिथे होतं तिथून गेला.

(पाना अर्ध्या इंचाचा होता. अजून आहे.)

"मग स्टीलचं फ्लायव्हील घालू?"
घाल. आणि कनेक्टिंग रॉडही, आतला ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा आहे,
काडीसारखा मोडेल. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कडक.
आणि ब्रेक, कोल्बी. ब्रेकचं कोणी विचारत नाही.
त्याने खिशातून पैसे काढले,
जुलैभर मक्याचे तुरे खुडून मिळवलेले
चौऱ्याऐंशी डॉलर, घामाने मऊ झालेले.
मोजले. पुन्हा मोजले.
वाढले नाहीत.

"तुम्ही काय केलं असतं?"

तेराव्या वर्षी? काढला असता.
खोटं कशाला बोलू.
"आणि आता?"
मी ते चाक फडक्याने पुसलं, दाताचा दात,
आणि आमच्या दोघांच्या मधे ठेवलं.
मग त्याला नवं गास्केट दिलं. फुकट.
गास्केटला काय,
तो आत असो नसो, सारखंच बसतं.

दुपारी फोन आला म्हणून मी घरात गेले.
परतले तेव्हा घसरगाडीचे ओरखडे दारापासून रस्त्यापर्यंत,
टेबलावर तेलाचं एक गोल वर्तुळ,
आणि चाक नाही.
आत बसवलं असेल. किंवा खिशात असेल,
मुलं ठेवतात तसं, दगड, काडतूस, दात.

काल संध्याकाळी, कापलेल्या मक्याच्या पलीकडून,
लूथरन चर्चच्या टेकडीखाली
ते इंजिन ऐकू आलं.
मी पायरीवर बसले होते, बुटाची नाडी सोडत.
चढावर आवाज दबला,
खोल गेला,
माझे हात नाडीवर थांबले,

आणि मग कोणीतरी त्याला वर घेतलं.
पायाने, की त्या चाकाने,
इतक्या लांबून
नाही कळत.