उलटा हात

एकतीस वर्षं आगी विझवलेले हिराजी मढवी
आम्हाला आग पेटवायला शिकवणार होते.
पौषातला शनिवार. खारघरच्या डोंगरामागं
ओढ्याचं कोरडं पात्र, आम्ही अकरा जण.
मी आजवर जे काही पेटवलं ते गॅस लायटरनं,
तेही तीनदा खटखट करून.

आल्या आल्या त्यांनी सगळ्यांच्या काडेपेट्या मागून घेतल्या
आणि स्वतःच्या खिशात टाकल्या.
"पयले इझवाची तयारी. मंग पेटवाची."
खालच्या डबक्यातून दोन बादल्या पाणी
वर आणेपर्यंत आमची निम्मी हौस ओली झाली.
एक घमेलं वाळू. एक फावडं.
मग वर बघायला लावलं:
ऐनाची सुकी फांदी लोंबत होती नेमकी डोक्यावर,
दहा पावलं सरकलो.
मग खाली: गवत खरवडलं, पाचोळा लोटला,
माती उघडी पडेपर्यंत.
कुलदीपनं ओढ्यातले गोल गोटे आणले होते, मांडायला.
ते परत नेऊन ठेवायला लावले.
"पानी प्यालेला दगड हाय तो.
तापला का फुटतो. डोल्यान जातो."

वाऱ्याला पाठ देऊन बसली कृत्तिका, माझी, दहा वर्षांची.
ओंजळीत नारळाची किशी,
पिंजून पिंजून चिमणीच्या घरट्याएवढी केलेली.
तिच्यावर काड्या, मेथीच्या देठाएवढ्या,
मग पेन्सिलीएवढ्या, मग अंगठ्याएवढ्या.
मनगटाएवढी लाकडं लांब, पाळीची वाट बघत.
मी मदत म्हणून एक ओंडका टेकवला,
तो मढवींनी उचलून बाजूला ठेवला.
"आग लाकूड खाते, पन जगते वाऱ्यावं."

पहिली काडी वाऱ्यानं नेली.
दुसरी तिनं घाबरून पेटताच टाकली,
मढवींनी ती बुटाखाली चिरडली, मग चिमटीत धरून बघितली.
गाडीतून थोडं पेट्रोल काढू का, कुणीतरी म्हणालं.
मढवींनी बाही वर केली.
कोपरापासून मनगटापर्यंत कातडी
दुधावरच्या सायीसारखी गोळा झालेली.
"असाच कोन तरी बोललेला."
एवढंच.

तिसरी काडी.
किशीच्या पोटात एक तांबडा धागा वळवळला,
धूर आला, सगळे खोकलो,
ती जमिनीला गाल टेकून फुंकत राहिली
बारीक, लांब, गरम दूध निववतात तशी,
आणि निववायच्या त्याच फुंकरीनं
पेटलं.

मग बटाटे. मग मीठ विसरल्यावरून भांडण.
तळोज्याकडचं आभाळ कारखान्यांच्या दिव्यांनी
पिवळं झालेलं, रात्रभर तसंच राहणारं.
आमचा जाळ गुडघ्याएवढा.
त्याहून मोठा त्यांनी होऊच दिला नाही.

निघायच्या तासभर आधी लाकूड घालणं बंद.
कृत्तिका रुसली. तिची आग होती.
तिच्याच हातात बादली दिली.
ओतायचं, काठीनं ढवळायचं, पुन्हा ओतायचं.
चर्र, मग चिर्र, मग नुसता काळा चिखल.
"आता हात लाव."
ती मागं सरली. मी पुढं झाले.
"तलवा नय, उलटा हात.
तलवा भाजला तं उद्या भाकरी कोन थापंल?"
मी उलटा हात आधी वरून फिरवला, मग टेकवला,
हिला ताप असला की कपाळाला लावते तसा.
एका कडेला अजून धुगधुगी होती,
बोटाच्या पेरालाच कळेल एवढी.
पुन्हा बादली.

गाडीत बसलो. डोकी मोजली, अकरा.
मढवी नव्हते.
खाली ओढ्यात एक टॉर्च चालत गेली,
थांबली, वाकली,
बराच वेळ वाकलेलीच होती.
वर आले तेव्हा हात पँटला पुसत होते.
काही राहिलं होतं का, मी विचारलं.
"काय नय," म्हणाले. "थंड हाय. चला."