नाकाच्या शेंड्यावर

विंकोनं लिंडनचं झाड पाडलं त्या सकाळी
मी दूध तापत ठेवलं होतं.
आधी करवत ऐकू आली,
मग करवत थांबल्याचं ऐकू आलं,
मग दूध करपल्याचा वास.

सख्खा धाकटा भाऊ.
झाड हद्दीवरचं, आमच्या दोघांच्याही आधीचं,
जूनमध्ये अख्खं गुणगुणणारं.
आता तिथे चार मोटारी उभ्या राहतात,
स्लोव्हेनियाची तळी बघायला आलेल्या पाहुण्यांच्या.

मी तशीच गेले पेट्यांकडे.
जाळी नाही, धुराचा डबा नाही,
तळपायाची आग मस्तकात घेऊन.
बारा डंख.
त्यातला एक ओठावर,
जो काहीतरी बोलायला निघाला होता.

आरोग्यकेंद्रातली डॉक्टर माझ्या निम्म्या वयाची.
रक्तदाबाचा पट्टा सोडवत म्हणाली,
त्स्वेत्काबाई, चार आकडे आत, सहा आकडे बाहेर.
म्हटलं, पोरी, एकोणसाठ वर्षं
कुणी न शिकवता श्वास घेतेय मी.
तिनं गोळ्यांच्या खाली तेही लिहून दिलं:
दिवसातून तीनदा, जेवणाआधी.

माशांशी मात्र वाद घालता येत नाही.
विंको कोण, हद्द कुठली, त्यांना काय त्याचं?
त्यांना कळतो तोंडातून येणारा वारा,
गरम, घाईचा.
अस्वल असंच फुसफुसतं पोळ्यापाशी.
त्यांना मी अस्वल वाटले
आणि खरं सांगायचं तर,
होतेच.

राग नाकाच्या शेंड्यावर असतो म्हणतात.
असेल.
पण श्वासाचंही येणं-जाणं त्याच उंबऱ्यावरून.
एका दारात दोघं,
कुणातरी एकाला अंग चोरावं लागतं.

पेट्यांच्या मागे, लाकडी खोपीत,
आडवं होण्यापुरती एक फळी आहे.
तिच्यावर पडते.
आधी दाढा एकमेकींवरून उतरतात,
मग खांदे कानांपासून खाली येतात.
मुठीचं सगळ्यात शेवटी कळतं,
की ती मूठ होती.

पेट्यांच्या तोंडावर जुनी चित्रं आहेत, रंग उडालेली,
न बघताही मला पाठ.
चार आत:
शिकाऱ्याची प्रेतयात्रा, खांदा द्यायला ससे न् हरणं,
घोड्यावरचा संत,
गुत्त्यातून नवऱ्याला ओढून नेणारी बायको,
आणि एक अगदीच पुसट, बहुतेक कोंबडा.
सहा बाहेर. सहाव्या पेटीवर सैतान
धारेच्या दगडावर एका बाईची जीभ परजतोय.
प्रत्येक उच्छ्वास तिथे संपतो,
माझ्या जिभेपाशी.

पहिला आठवडा, सैतानापर्यंत पोचायच्या आतच
विंको यायचा मध्ये, करवत घेऊन.
अंगावर बसलेली माशी झटकायची नसते,
हे मला सहाव्या वर्षापासून ठाऊक.
माणसाला तोच नियम लावायला
त्रेपन्न वर्षं लागली.
तो यायचा. बसायचा. करवत गुडघ्यावर ठेवून.
खालून फळीतून गुणगुण कण्यात चढायची
आणि कधीतरी बघावं तर
तो उठून गेलेला असायचा.
नेहमी नाही.

माफ केलंय असं समजू नका.

यंदाचा मध काळपट निघाला,
वरच्या देवदारांच्या रानातला, जिभेवर किंचित कडू.
दरवर्षीची एक बरणी त्याची असते.
घेऊन गेले. चार मोटारी ओलांडून, सहा पायऱ्या चढून.
दारात तोच.
बरणी उजेडात धरून म्हणाला,
यंदा काळा का गं एवढा?

माझं तोंड उघडलं.
दगड फिरताना मला स्पष्ट ऐकू आला.
ससे. संत. बायको. कोंबडा.

लांब जावं लागलं त्यांना, मी म्हटलं.

तो मोटारींकडे बघत राहिला,
की मोटारींच्या जागेकडे, कोण जाणे.
मी वळले, आणि तिसऱ्या पायरीवर आठवलं
की गॅसवर दूध आहे.
धावत सुटले.
दम लागला चांगलाच.
मोजला नाही.