दहाव्याचा माइक

गंगेच्या घाटावर सकाळी सहाला
मी वायरी पसरतो.
गुलाब साउंड सर्व्हिस, गंगाखेड.
दोन बॉक्स, एक माइक, ओल्या वाळूत टेकवलेली बॅटरी,
आणि बुवांचा गळा दाटून आला की
एकोचं बटण पाव फेरा उजवीकडे.

सतरा वर्षं ऐकतोय.
भाड्याच्या घराचा दृष्टांत मला पाठ आहे:
मालक कसा अवेळी दार वाजवतो,
भाडेकरू कसा भांडीकुंडी तिथंच टाकून निघतो.
कुठल्या शब्दाला बायका पदर तोंडाशी नेतील
तेही ठाऊक.
गेलेलं माणूस मात्र दर वेळी एकच.
बाई असली तर अन्नपूर्णा,
बाप्या असला तर वटवृक्ष.
या हिशोबानं किती वड वाहून गेले
आमच्या गंगेतून,
मी मोजणं सोडलं.

घरचे चिठ्ठी देतात. नाव, वय, लेकी-जावई,
आलेल्या पुढाऱ्यांची यादी.
बुवांना साडेदहाला पालमकडं दुसरा दहावा असतो,
ड्रायव्हर गाडी बंद करत नाही.

त्या दिवशी केवळाबाई निरसचा दहावा होता
आणि बुवांच्या हाताला
खिशातली कालची चिठ्ठी लागली.
"वत्सलाबाईंनी उभ्या जन्मात
कुणाचं मन दुखावलं नाही."
मागं कुणीतरी खोकलं.
थोरला लेक, ताजं मुंडण, बोटानं वाळू उकरत राहिला.
पाकीट देऊन झालं होतं.
मीही गप्प. माइकवाल्यानं बोलायचं नसतं.

बुवा गेले. माजी सभापतींनी
"पोकळी" हा शब्द तीनदा वापरला.
मग बायकांतून आसराबाई उठली,
गुडघ्यावर हात देत पुढं आली
आणि माइक मुसळासारखा धरला.

"ही वत्सला नव्हं. केवळा.
लई तोंडाळ बाई.
तीस साल भांडली माझ्यासंगं
मोरीच्या पाण्यावरून.
माझ्या सुनेला रातच्याला कळा आल्या
तवा भर पावसात हीच आली, नाळ हिनंच कापली,
आन् सकाळी पुन्यांदा मोरीवरून सुरू.
आता तिच्या दाराला कुलूप हाय.
मोरी कोरडी पडली.
मी रोज उठून तिकडंच बगू लाले."

पुढं काही बोलायचं होतं तिला.
ओठ हलले. माइक माझ्याकडं दिला.

माझं बोट सवयीनं बटणावर गेलं होतं,
पण पहिल्याच वाक्याला मी ते
पार डावीकडं, शून्यावर नेलं होतं.
आवाज आला तसाच गेला,
तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखा, कोरडा, गरम.
कुणाचा पदर तोंडाला गेला नाही.
थोरला लेक हसला आधी.
मग बराच वेळ
त्यानं मान वर केली नाही.

वायरी गुंडाळल्या. पुसून पुसूनही
जाळीतला मिश्रीचा वास जाईना.

दुसऱ्या दिवशी बुवांनी तोच माइक
तोंडाशी धरला, नाक जरा मुरडलं,
रुमालानं जाळी झटकली
आणि शिरले
भाड्याच्या घरात.